संगणकीय हिशेबलेखन, लघुव्यवसायांतील

दुकानदार, अडते, छोटे कारखानदार, कंत्राटदार, वाहतूकदार इ. लघुव्यावसायिकांनी आपल्या दैनंदिन व्यवहारांच्या नोंदी कागदी वह्यांऐवजी संगणकावरील हिशेब-आज्ञावलीत म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये करावयाच्या आणि त्या नोंदींवरून खाती, तेरीज, नफा-तोटापत्रक, ताळेबंद व करविषयक विवरणपत्रे तयार करावयाची, या पद्धतीस लघुव्यवसायांतील संगणकीय हिशेबलेखन असे म्हणतात. भारतात ही पद्धती १९८५ नंतर रूढ होऊ लागली आणि वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर (२०१७) ती तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचली. हिशेबाची नोंद कोणी करावयाची, ती कोणाला वाचता यावयाची आणि एकदा केलेली नोंद मागाहून बदलता यावी की नाही, हे तीन प्रश्न वहीच्या काळापासून धनको व ऋणको, तसेच व्यापारी व सरकार यांच्या संबंधांच्या मुळाशी आहेत. संगणकाच्या आगमनाने ते मिटले नाहीत; त्यांची उत्तरे मात्र बदलली. प्रस्तुत नोंदीत हा बदल मुख्यतः भारताच्या, आणि त्यातही महाराष्ट्राच्या, संदर्भात विचारात घेतला आहे.

देशी वहीखाते : भारतीय पेढ्यांवर हिशेब ठेवण्याची स्वतंत्र व पक्की परंपरा होती. लांबट, बहुधा लाल कापडी बांधणीच्या वहीत कागदाला उभे सळ पाडून रकाने केले जात. रेघा आखण्याची गरज नसे. व्यवहार घडेल त्या क्रमाने कीर्दीत लिहावयाचा आणि तेथून तो ज्या त्या माणसाच्या अथवा मालाच्या खात्यावर खतवावयाचा, अशी ही कीर्द-खतावणीची रीत होय. जमेची बाजू डावीकडे व नावेची उजवीकडे असे. दिवसअखेर रोजमेळ घालून हातातील रोकड व वहीतील शिल्लक यांचा ताळा पाहिल्याशिवाय पेढी बंद होत नसे. मराठेशाहीत फडणिसांच्या दप्तरात राज्याच्या जमाखर्चाची रोजकीर्द ठेवली जाई. पेशवे दप्तरातील अशा कीर्दी आजही इतिहाससंशोधकांना उपयोगी पडतात. मराठी पेढ्यांचे लेखन मोडी लिपीत चाले आणि अनेक ठिकाणी ती प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती.

ही पद्धती द्विनोंदी होती काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. लाल निगम यांनी १९८६ मध्ये असे प्रतिपादन केले की, वहीखाते ही इटालियन पद्धतीच्या पूर्वीपासून चालत आलेली भारतीय द्विनोंदी पद्धती होय. १९८७ मध्ये नोब्स यांनी या मतास पुराव्याचा आधार अपुरा असल्याचे दाखविले. पाश्चात्त्य द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन लूका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या, १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. पाचोलीने ही पद्धती आपली म्हणून सांगितली नाही. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत चालू असलेली रीत त्याने लिहून काढली. कच्ची नोंदवही, रोजकीर्द व खातेवही या तीन पुस्तकांची त्याने सांगितलेली मांडणी पुढे चार शतकांहून अधिक काळ जवळजवळ तशीच राहिली.

वही आणि सत्ता : वही ही पेढीच्या मालकाच्या ताब्यात असे व ती बहुधा त्यालाच वाचता येई. उधारी घेणाऱ्या कुणब्याला आपल्या नावावर किती रक्कम मांडली आहे, व्याज कोणत्या दराने व कोणत्या तिथीपासून धरले आहे, हे पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी सुरू होऊन पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्याकडील कर्जरोख्यांवर व कागदपत्रांवर होता. ते हिसकावून त्यांच्या होळ्या करण्यात आल्या. या दंग्यांच्या चौकशीनंतर संमत झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमात (१८७९) ऋणकोला पावती मिळण्याचा व आपल्या हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क देण्यात आला. हिशेबाची नोंद ही दोन्ही पक्षांना दिसली पाहिजे, हे तत्त्व महाराष्ट्रात कायद्याने प्रथम ठळकपणे मांडले गेले ते या प्रसंगी. पुढे मुंबई सावकारी अधिनियमाने (१९४६) परवानाधारक सावकारांवर रोजकीर्द व खातेवही ठेवण्याचे बंधन घातले.

वहीच्या पुराव्याचे मूल्यही कायद्याने ठरवून दिले होते. भारतीय पुरावा अधिनियमाच्या (१८७२) चौतिसाव्या कलमानुसार, व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबपुस्तकातील नोंद न्यायालयात ग्राह्य धरली जाई; परंतु केवळ तेवढ्या नोंदीवरून कोणावरही देणे लादता येत नसे. म्हणजे वहीवर विश्वास ठेवावयाचा, पण तो अंधपणे नव्हे. हे पुस्तक म्हणजे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर १९९८ मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात आला. पाने सहज वेगळी करता अथवा बदलता येणार नाहीत अशा प्रकारे एकत्र बांधलेली वही म्हणजे पुस्तक होय, सुटे कागद नव्हेत, असा निर्णय न्यायालयाने दिला. बांधणीचे हे महत्त्व संगणकाच्या संदर्भात पुन्हा उपस्थित झाले, ते पुढे येईल.

दोन पद्धतींचे सहअस्तित्व : मुंबईत सिडनम वाणिज्य महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले, सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या अधिनियमान्वये स्थापन झाली. कंपन्या व बँका इंग्रजी पद्धतीने, तर छोटे व्यापारी देशी पद्धतीने हिशेब ठेवीत. इंग्रजी खातेवहीत नावेची बाजू डावीकडे असल्याने देशी पद्धतीत मुरलेल्या दिवाणजीला ती उलटी वाटे. करकायद्यांनी हे अंतर हळूहळू कमी केले. १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमाने करदात्याने नियमितपणे अवलंबिलेली हिशेबपद्धती उत्पन्न ठरविण्यासाठी मान्य केली होती. १९६१ च्या अधिनियमात १ एप्रिल १९७६ पासून ठरावीक मर्यादेवरील व्यावसायिकांना हिशेबपुस्तके ठेवणे सक्तीचे झाले, आणि १९८४ च्या दुरुस्तीने चाळीस लाख रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना हिशेबतपासणी अनिवार्य झाली. हिशेबाचे वर्ष कोणते धरावयाचे, याबाबत मात्र व्यापाऱ्याला दीर्घकाळ मोकळीक होती. अनेक पेढ्या दिवाळी ते दिवाळी असे वर्ष पाळीत. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष बंधनकारक झाले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीपूजन होतच राहिले. परंतु नव्या वहीचा आणि नव्या हिशेबाचा मुहूर्त एक राहिला नाही.

संगणकाचा प्रवेश : व्यवसायाच्या हिशेबासाठी संगणकाचा नियमित उपयोग प्रथम इंग्लंडमध्ये झाला. जे. लायन्स अँड कंपनी या चहागृहे चालविणाऱ्या संस्थेने स्वतः बांधून घेतलेल्या ‘लिओ’ या संगणकावर १९५१ मध्ये बेकरीमालाच्या मूल्यांकनाचे काम सुरू केले. असे संगणक खोली व्यापणारे व अत्यंत महाग असल्याने छोट्या व्यावसायिकाचा त्यांच्याशी संबंध येत नसे. १९७९ मध्ये डॅन ब्रिक्लिन व बॉब फ्रँक्स्टन यांनी तयार केलेल्या ‘व्हिसिकॅल्क’ या आकडेतक्त्याच्या आज्ञावलीमुळे टेबलावरचा छोटा संगणक हिशेबाचे साधन बनला. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी तयार हिशेब-आज्ञावलीही उपलब्ध होती. भारतात नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर झालेल्या संगणकविषयक धोरणाने आयात व उत्पादनावरील निर्बंध सैल केले आणि वैयक्तिक संगणक मध्यम व्यापाऱ्याच्या आवाक्यात येऊ लागला.

भारतीय आज्ञावली : १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयनका व त्यांचे पुत्र भारत गोयनका यांनी बंगलोर (आताचे बंगळूरू) येथे ‘प्युट्रॉनिक्स’ ही कंपनी स्थापन केली. श्यामसुंदर गोयनका हे गिरण्यांना व कारखान्यांना माल पुरविण्याच्या व्यवसायात होते व त्यांच्या हिशेबास जुळणारी आज्ञावली त्यांना मिळत नव्हती. ती तयार करण्याचे काम गणिताचे पदवीधर असलेल्या मुलाने हाती घेतले. ‘द अकाउंटंट’ या नावाने निघालेली ही आज्ञावली १९८८ पासून ‘टॅली’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे कंपनीनेही तेच नाव घेतले. २०२० मध्ये भारत गोयनका यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला.

या आज्ञावलीच्या प्रसाराचे एक कारण तिच्या रचनेत सापडते. तत्कालीन अनेक आज्ञावल्यांत प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे आणि नोंद करताना तो लक्षात ठेवावा लागे. टॅलीत खाते नावानेच उघडता येई व नावानेच शोधता येई. वहीत ज्याप्रमाणे दिवाणजी ‘अमक्याचे खाते’ असे म्हणून पान काढी, त्याच्याशी ही रीत जुळणारी होती. खात्यांची वर्गवारी करण्यासाठी अठ्ठावीस गट तयार असत. ‘रोख’ व ‘नफा-तोटा’ ही दोन खाती आरंभापासून उघडलेली असत. नव्या हिशेबनिसाला रकमा कोणत्या बाजूस लिहावयाच्या, याऐवजी व्यवहार कोणत्या प्रकारचा आहे एवढेच ठरवावे लागे. प्रदान, जमा, विक्री, खरेदी यांपैकी योग्य त्या प्रमाणकाची कळ दाबली की, उरलेली मांडणी संगणक करी. परिणामी वाणिज्य शाखेची पदवी नसलेला तरुणही काही महिन्यांच्या शिक्षणाने एखाद्या दुकानाचा हिशेब सांभाळू लागला आणि गावोगावी असे शिक्षण देणारे वर्ग निघाले.

कार्यपद्धती : एका उदाहरणावरून ही पद्धती स्पष्ट होईल. पुण्यातील दुकानदाराने महाराष्ट्रातीलच ग्राहक-व्यापाऱ्याला १०,००० रु. किंमतीचा माल उधारीवर विकला व त्यावर १८ टक्के दराने कर आहे, असे समजू. ग्राहकाच्या खात्यावर ११,८०० रु. नावे पडतात, विक्री खात्यावर १०,००० रु., केंद्रीय कराच्या खात्यावर ९०० रु. आणि राज्य कराच्या खात्यावर ९०० रु. जमा होतात. वहीत ही एक नोंद चार ठिकाणी खतवावी लागली असती. शिवाय मालसाठ्याच्या वहीत नग कमी करावे लागले असते आणि विक्रीच्या नोंदवहीत बिलाचा तपशील लिहावा लागला असता. आज्ञावलीत बिल तयार होताच ही सर्व कामे एकाच वेळी होतात. खतावणी ही स्वतंत्र क्रिया उरत नाही. कोणत्याही दिवशी, कोणत्याही क्षणी तेरीज व ताळेबंद पाहता येतो. पूर्वी त्यासाठी वर्षअखेरीस काही आठवडे लागत.

याचा हिशेबतपासणीवर दूरगामी परिणाम झाला. हाताने लिहिलेल्या वह्यांत तेरीज जुळली की बेरजेच्या व खतावणीच्या बहुतेक चुका नसल्याची खात्री पटे, आणि ती जुळविण्यासाठी हिशेबनीस रात्री जागवीत. नावे व जमा समान नसलेली नोंद आज्ञावली स्वीकारतच नाही. म्हणून संगणकावरील तेरीज नेहमी जुळलेली असते, आणि त्याच कारणाने तिच्या जुळण्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. दुरुस्तीचा खर्च यंत्रसामग्रीच्या खात्यावर टाकला, एकच बिल दोनदा नोंदविले किंवा एखादी रोख विक्री नोंदविलीच नाही, तरी तेरीज निमूटपणे जुळते. त्यामुळे तपासणीचा भर हिशेबाच्या बाहेरील पुराव्यांवर गेला : बँकेच्या उताऱ्याशी जुळणी, मालाची प्रत्यक्ष मोजणी, देणेकऱ्यांकडून बाकीची लेखी कबुली. रोजमेळाची जुनी शिस्त, म्हणजे पेटीतील पैसे मोजून ते नोंदीशी ताडून पाहणे, संगणकाने अनावश्यक ठरविली नाही. उलट तिची गरज वाढली.

करपद्धती व प्रसार : आज्ञावलीचा खरा प्रसार करकायद्यांमुळे झाला. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर लागू झाला. या कराच्या रचनेनुसार विक्रीवरील करातून खरेदीवर भरलेला कर वजा करता येतो. साहजिकच प्रत्येक खरेदीचा व विक्रीचा तपशील करानुसार वेगळा ठेवणे भाग पडले. १ जुलै २०१७ पासून अनेक अप्रत्यक्ष करांची जागा वस्तू व सेवा कराने घेतली आणि विवरणपत्रे थेट संगणकजालावर भरावी लागू लागली. विक्रेत्याने भरलेल्या बिलांवरून खरेदीदाराला मिळू शकणाऱ्या वजावटीचे मासिक पत्रक २०२० पासून आपोआप तयार होऊ लागले. विक्रेत्याने बिल आपल्या विवरणपत्रात दाखविले नसेल, तर खरेदीदाराला १ जानेवारी २०२२ पासून त्या कराची वजावट घेता येईनाशी झाली. मोठ्या करदात्यांसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून बिलाची शासकीय यंत्रणेत तत्काळ नोंद सक्तीची करण्यात आली. तिची मर्यादा प्रारंभी ५०० कोटी रुपये उलाढालीची होती. ती टप्प्याटप्प्याने उतरवून १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आणण्यात आली. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या करदात्यांना हिशेब-आज्ञावली विनामूल्य उपलब्ध करून देण्याची योजनाही २०१९ मध्ये जाहीर झाली.

या व्यवस्थेत एका व्यापाऱ्याची नोंद दुसऱ्या व्यापाऱ्याला व शासनाला एकाच वेळी दिसते. १८७९ च्या अधिनियमाने ऋणकोला जे पाहण्याचा हक्क दिला होता, ते आता व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत नित्याचे झाले आहे. मात्र यातून एक नवा अन्याय उद्भवतो : विक्रेत्याने विवरणपत्र भरण्यात कसूर केली, तर प्रामाणिकपणे बिल चुकते करणाऱ्या खरेदीदाराची वजावट अडते. दुसऱ्याच्या हिशेबातील चुकीची झळ आपल्याला बसावी, हा अनुभव वहीच्या काळातील छोट्या व्यापाऱ्याला सहसा येत नसे.

नोंदीची अक्षयता : वहीत चुकलेली नोंद खोडण्याची रीत ठरलेली होती. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारावयाची, बाजूस सही करावयाची व योग्य नोंद नव्याने लिहावयाची. मधले पान फाडणे म्हणजे वहीची पत घालविणे होय. प्रारंभीच्या संगणकीय आज्ञावल्यांत मात्र मागील तारखेची नोंद बदलता अथवा पुसता येई आणि तिचा मागमूस उरत नसे. सोयीचे वाटणारे हे वैशिष्ट्य त्यांच्या लोकप्रियतेचेही एक कारण होते, हे मान्य करावे लागते. कागदी वहीला बांधणीने व शाईने जी विश्वासार्हता दिली होती, ती येथे नाहीशी झाली.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न कायद्याने केले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने (२०००) पुरावा अधिनियमात दुरुस्ती करून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबपुस्तकांना मान्यता दिली. त्या अधिनियमाची जागा १ जुलै २०२४ पासून घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमांत नोंद खोडू अथवा गिरवू नये, चुकीची नोंद सहीनिशी रेघ मारून दुरुस्त करावी, आणि हिशेब इलेक्ट्रॉनिक असल्यास बदललेल्या व काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीची स्वतंत्र टिपण ठेवावी, असे सांगितले आहे. पेढीवरील जुनी रीतच येथे नव्या भाषेत आलेली दिसते. कंपन्यांच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारी व ती सोय बंद करता न येणारी आज्ञावलीच वापरण्याचे बंधन आले. हा कंपनीविषयक नियम एकमालकी दुकानांना व साध्या भागीदारी पेढ्यांना लागू नाही. लघुव्यवसायांचा बहुतांश भाग याच प्रकारचा असल्याने त्यांच्या हिशेबाची विश्वासार्हता अजूनही मुख्यतः मालकाच्या सचोटीवर अवलंबून आहे.

मर्यादा : संगणकीय हिशेबलेखनाने श्रम वाचविले, तसेच नवी परावलंबनेही निर्माण केली. अनेक लहान दुकानदार बिलांची पिशवी महिन्यातून एकदा करसल्लागाराकडे देतात व विवरणपत्र भरले गेल्याचा निरोप मिळेपर्यंत थांबतात. अशा वेळी हिशेब हा शासनासाठी तयार होतो. मालकाला त्यातून धंद्याची स्थिती कळावी, हा मूळ हेतू मागे पडतो. भारतीय भाषांत काम करण्याची सोय काही आज्ञावल्यांत २००६ च्या सुमारास आली, तरी व्यवहारात इंग्रजीचेच प्राबल्य राहिले. मोडीत लिहिलेली वही कुणब्याला वाचता येत नव्हती. आज स्वतःच्या नावावरचा ताळेबंद स्वतः दुकानदाराला वाचता येत नाही, अशी उदाहरणे विरळ नाहीत. एका आज्ञावलीतील माहिती दुसरीत सहज नेता न येणे, संगणक बिघडल्यास अनेक वर्षांचे हिशेब एकदम नाहीसे होणे, परवलीचा शब्द एकट्या हिशेबनिसाकडे असणे, हे धोकेही लक्षात घ्यावे लागतात. माहितीची प्रत नियमितपणे दुसऱ्या जागी साठविणे, नोंद करणारा व रोकड सांभाळणारा या व्यक्ती वेगळ्या ठेवणे आणि बँकेच्या उताऱ्याची जुळणी दरमहा मालकाने स्वतः पाहणे, हे त्यांवरील साधे उपाय होत.

२०१६ नंतर मोबाइलद्वारे होणाऱ्या देवघेवीमुळे अगदी लहान विक्रेत्याच्याही जमेची नोंद बँकेत आपोआप होऊ लागली असून उधारीची वही मोबाइलवर ठेवण्याची साधनेही प्रचारात आली आहेत. त्यांतील बहुतेकांत उधारीची रक्कम मांडताच ग्राहकाला तसा संदेश जातो. किराणा दुकानातील गिऱ्हाइकाला आपल्या नावे काय लिहिले गेले ते त्याच क्षणी कळणे, ही हिशेबाच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. दिवाळीत अनेक पेढ्यांवर आता लाल वहीशेजारी संगणक ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहिले जाते. साधन बदलले तरी नोंद खरी असावी, संबंधितांना ती वाचता यावी आणि गुपचूप बदलता येऊ नये, या अपेक्षा त्याच आहेत. कोणत्याही हिशेब-आज्ञावलीची योग्यता त्यांवरूनच ठरवावी लागते.